रेट बसेपर्यंत

"एक्स्चेंजच देत नाहीत म्हटल्यावर स्वित्झर्लंड काय आता गच्चीवरून बघायचं?"

बाहेरच्या व्हरांड्यात बाई बोलत होत्या. आतल्या खोलीत मी त्यांच्या मुलीकडून इंग्रजी शब्द पाठ करून घेत होते. अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या मोठ्या ऑफिसरांचा हा बंगला. शाळा सुटली की मी इथे शिकवणीला येते.

"पण तिकिटं काढली होतीत ना?" बाईंच्या मैत्रिणीने विचारलं.

"तिकिटं काढली, कोट शिवले. माझा तर चांगला लाल. आता या ऑक्टोबरात तोच घालून भाजी आणायला जाते. निदान लोकांची करमणूक तरी होईल." दोघी मोठ्याने हसल्या. मग बाईंनी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "जाऊ दे गं. सुट्टीच तर होती. रेट बसला की बघू."

मुलगी माझ्याकडे बघत होती. शब्द सांगायची पाळी माझी होती आणि मला तो सुचत नव्हता.

बाईंचं काही चुकलं नव्हतं. सरकारकडे परदेशी चलन नाही, म्हणून हौसेने बाहेर जाणाऱ्यांना ते मिळत नाही, असं सगळीकडे बोललं जातंय. दुःख करण्याजोगं त्यात फार नाही आणि बाईंनी ते हसून सोडूनही दिलं. पण 'सुट्टीच तर होती' आणि 'रेट बसला की बघू' ही दोन वाक्यं मी अशाच एका ऑक्टोबरात इतक्या तोंडून ऐकली आहेत, की ती ऐकली की अजून माझे तळपाय भाजायला लागतात.

बंगल्यावरून घरी जाताना वाटेत भाताची खाचरं लागतात. या दिवसांत पाऊस गेलेला असतो आणि थंडी अजून लांब असते. बदलापूरच्या बाजूचे डोंगर एकाएकी जवळ आल्यासारखे दिसतात, त्यांच्यावरची एकेक घळ मोजून घ्यावी इतके. लोंब्या भरत आलेल्या असतात, मान खाली घालतात. चिखल वाळताना त्याचा एक आंबूस वास येतो. लोकांना या वासाने दिवाळी आठवते. मला बराकीतला गोणपाटाचा पडदा आठवतो.

आम्ही कराचीचे. म्हणजे मराठीच, पण अण्णांचे वडील तिकडे नोकरीला गेले आणि अण्णा तिथेच वाढले. माझा जन्म कराचीचा, शाळा कराचीची, नन्सनी चालवलेली. फाळणी झाली तरी अण्णांना वाटत होतं की राहता येईल. ते जमलं नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आगबोटीने मुंबईला उतरलो. कराचीचे म्हणून आम्हालाही कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीत जागा मिळाली. तीन नंबरच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकीत. बराक लांबलचक, भिंती नाहीत, कुटुंबाकुटुंबांच्या मध्ये गोणपाट लावलेलं. पलीकडे एक सिंधी म्हातारी आणि तिचा मुलगा लच्छू. तिला सगळे अम्मा म्हणत. अम्माने कूस बदलली तरी आम्हाला कळायचं. आमच्या घरात वरणाला फोडणी पडली की पलीकडून शिंक यायची आणि मागोमाग अम्माचा शेरा यायचा, "अदी, आज तो आपने मार ही डाला!" आईला ती अदी म्हणायची, म्हणजे ताई.

माझी खरी ताई, कुसुमताई, कराचीतच राहिली. तिचं लग्न फाळणीच्या आधी झालं होतं. भाऊजी तिथल्या पाण्याच्या खात्यात होते. त्यांना राहा म्हणाले आणि ते राहिले. त्यांच्या घरात सासूबाई नव्हत्या, नणंद नव्हती. कुसुमताई आणि भाऊजी, दोघंच. आम्ही निघालो तेव्हा ती धक्क्यावर आली होती. आईने तिला "येते हं" म्हटलं. 'जाते' कसं म्हणणार?

त्या वर्षी, म्हणजे छावणीला उल्हासनगर हे नाव नुकतंच पडलं होतं तेव्हा, आईने ठरवलं की दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघी कराचीला जायचं. परमिट मिळालं. त्यावर कारण म्हणून सुट्टी लिहिलं होतं. बराकीत सगळ्यांना आईने तेच सांगितलं, "शालूला सुट्टी आहे, जाऊन येतो."

अम्माने कपाळावर हात मारला. "वाह! हम लोग उधर से जान लेके भागे, और ये लोग उधर हवा खाने जाते हैं!"

आई हसली. तिने खरं कारण सांगितलं नाही. कुसुमताईला दिवस गेले होते आणि ते दिवाळीच्या सुमाराला भरत होते. त्याआधी एकदा तिला दिवस गेले होते, तेव्हा आईने हौसेने सगळ्या आळीला पेढे वाटले होते, आणि ते मूल सातव्यातच गेलं. पेढे वाटले म्हणून गेलं असं आई कधी म्हणाली नाही. पण यावेळी तिने तोंडाला कुलूपच घातलं. बाहेर तर नाहीच, घरातही तो शब्द उच्चारायचा नाही. आम्ही आपसातसुद्धा 'सुट्टी' म्हणायचो. "सुट्टीची तब्येत बरी आहे म्हणून लिहिलंय," असं अण्णा एकदा पत्र वाचून म्हणाले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही तर जगाची रीत. पण डॉक्टरांनी कुसुमताईला बोटीचा प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं. लेक माहेरी येऊ शकत नव्हती, म्हणून माहेरच तिच्याकडे निघालं होतं.

डिंक घेऊन यायची ती सोमी तेवढी फसली नाही. बारवीकडच्या एका वाडीवरची ही बाई. उन्हाळ्यात रानातून गोळा केलेला डिंक, हिरडे, कधी मध, असं काहीबाही टोपलीत घालून बराकींमधून फिरायची. आईने डिंक निवडून निवडून घेतला. सोमी उकिडवी बसून आईच्या हाताकडे बघत राहिली.

"कुनाचं बालंतपान हाय गो बाय?"

"कुणाचं नाही. आम्ही सुट्टीला चाललोय."

"सुट्टीला डिंक?" सोमीने माझ्याकडे वरून खाली पाहिलं. मी लाजून पडद्याआड गेले. "बरी हाय तुमची सुट्टी. आमच्याकडं अशी सुट्टी आली का सुईनीला बोलवत्यात."

आईने तिला वर मूठभर तांदूळ घातले. गप्प बसण्याचे ते तांदूळ आहेत हे सोमीला बरोबर समजलं. तिने पदराला गाठ मारली आणि ओठांवर बोट ठेवून निघून गेली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. आमच्या घरी रिवाज असा की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. कराचीला असताना आई ताईच्या घरी जायची ती घरून पाण्याचा तांब्या घेऊन. भाऊजी थट्टा करायचे, "मी पाण्याच्या खात्यात, आणि माझ्याच घरचं पाणी चालत नाही!" आई हसायची आणि आपल्या तांब्यातलं पाणी प्यायची. आता पुन्हा जायचं तरी तोच नियम. उतरायचं ते अण्णांच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरी. त्यांच्याकडे आपला शिधा आपण भरायचा, परतीचं तिकीट आपण काढायचं, दायीचे पैसे आपण द्यायचे. जावयाकडून एक पैसा घ्यायचा नाही. म्हणजे तिकडे खर्चायला तिकडचे रुपये हवेत. हे सोपं होतं. आपला एक रुपया द्यायचा, त्यांचा एक रुपया घ्यायचा. एकाला एक. मधे दोन देश आले होते, पण रुपया अजून एकच आहे असं वाटायचं.

पितृपक्षातले दिवस होते. अण्णांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. आईने केळीच्या पानावर वाढून कावळ्यासाठी पान बराकीबाहेर ठेवलं होतं आणि कावळा शिवत नव्हता. आम्ही तिघंही दाराशी उभे. तेवढ्यात गोणपाटापलीकडे लच्छू बाहेरून आला आणि अम्माला म्हणाला, "रुपयो हाणे रुपयो न आहे, अम्मा." रुपया आता रुपया राहिला नाही.

मला सिंधी कळायचं. आईलाही थोडं कळायचं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. कावळ्याकडेच बघत राहिलो.

संध्याकाळी अण्णांनी ते कामाला लागले होते त्या कारखान्यातून इंग्रजी पेपर आणला आणि माझ्यापुढे धरला. "डीव्हॅल्युएशन म्हणजे काय गं नक्की? तुमच्या नन्सनी शिकवलं असेल." मी वाचलं. विलायतेने आपल्या पौंडाची किंमत उतरवली होती. त्याबरोबर आपल्या सरकारने रुपयाची उतरवली होती. कराचीच्या सरकारने उतरवली नव्हती. मी हे हळू आवाजात सांगितलं.

"म्हणजे स्वस्ताई की महागाई?" आईने विचारलं.

अण्णा म्हणाले, "इथे बसून राहिलो तर काहीच नाही. तिकडे गेलो तर महागाई."

शंभर रुपये तिकडचे घ्यायला इकडचे जवळजवळ दीडशे पडतील, असा हिशेब होता. आईने तो ऐकला आणि बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "पडू देत. माझ्या पाटल्या आहेत." अण्णांनी मान हलवली. त्या रात्री जेवताना आमच्या घरात थोडा उत्साहसुद्धा होता. महाग तर महाग, पण आकडा कळला होता. आकडा कळला की माणूस कंबर बांधू शकतो.

पण आकडा नव्हताच. मुंबईला बँकेत गेलो तेव्हा हे कळलं. अण्णा मला मुद्दाम घेऊन गेले होते, काउंटरवर इंग्रजीत बोलायला. मी घरून वाक्य पाठ करून गेले होते. जाळीपलीकडचा माणूस मराठीच निघाला. त्याने माझं वाक्य अर्ध्यावर थांबवलं.

"कराची? रेट नाही."

"दीडचा आहे ना? पेपरात..." अण्णा म्हणाले.

"तो तिकडचे म्हणतात. आपण मानलेला नाही. तेव्हा रेटच नाही, साहेब. कमी नाही, जास्त नाही. नाहीच."

"मग आम्ही काय करायचं?"

"काय काम आहे तिकडे?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुट्टी."

तो माणूस चांगला होता. त्याने जाळीतून जरा पुढे वाकून समजुतीने सांगितलं, "मग घाई कसली? रेट बसू दे, दोन्ही सरकारं एका भावावर येऊ देत. पुढच्या वर्षी जा."

शाळेत आम्हाला त्रैराशिक शिकवलं होतं. तीन आकडे दिले की चौथा येतो. मला ते फार आवडायचं. मुलींशी बोलायची भीती वाटायची, आकड्यांची नाही. एका रकान्यात आपला रुपया, एका रकान्यात त्यांचा. त्या दिवशी परत येताना मी ते गणित मनात मांडत होते आणि मधल्या जागी घालायला काही नव्हतं. समुद्र तेवढाच होता. बोटी चालू होत्या. ताई होती तिथेच होती, आपल्या घरातल्या समुद्राकडच्या खिडकीत. फक्त दोन रुपयांच्या मधला आकडा कुणीतरी काढून घेतला होता, आणि तेवढ्याने कराची अशी काही लांब गेली की चंद्रसुद्धा जवळ वाटावा. निदान त्याचं अंतर तरी पुस्तकात दिलेलं असतं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती उठली, ट्रंकेतून एक पत्र्याचा डबा काढला, उघडला, आणि त्यात बघत राहिली. डबा रिकामा होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्या डब्यात पूर्वी शिक्क्याच्या नोटा होत्या. आम्ही कराची सोडली तेव्हा तिथे आपल्याच नोटा चालत, फक्त त्यांच्यावर पाकिस्तान सरकार असं वर छापलेलं असे. तशा काही आईजवळ राहून गेल्या. इकडे त्या कुणी घेईना. भाजीवाली तर उलटीपालटी करून परत द्यायची, जणू काही आईने त्या घरी छापल्या होत्या. वर्षभर डबा तसाच पडून होता. मग श्रावणात लच्छूच्या ओळखीचा एकजण कराचीला आपल्या घराचं काही बघायला निघाला. त्याने त्या नोटा एकाला एक भावाने घेतल्या. आई इतकी खूश झाली! फुकट गेलेले पैसे परत आले असं तिला वाटलं. त्या पैशांतून तिने कल्याणच्या सोनाराकडून चांदीचे वाळे आणले. इवलेसे, घुंगरू लावलेले. लोकांना ऐकू जायला नको म्हणून तिने ते कापसात गुंडाळून ठेवले. सोमीकडचा डिंकही त्याच पैशांतला. बाळाला द्यायचं सगळं तिने घेऊन ठेवलं, आणि बाळापर्यंत पोचायचं साधन तेवढं विकून टाकलं.

यात तिची चूक काय? दोन्हीकडचा रुपया सारखाच, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते. सरकारंसुद्धा.

आम्ही गेलो नाही. हे आताच सांगून टाकते, म्हणजे कुणी आगबोटीची वाट बघत बसणार नाही. बोटीच्या आधीच तार आली. मुलगी झाली होती, वेळेच्या अगोदर, आणि दोघी जिवंत होत्या. शेजारच्या एका गोवेकर बाईने सगळं निभावलं. दोन दिवस ताई अडून होती, हे पुढे भाऊजींनी कळवलं. ताईने त्या दोन दिवसांबद्दल कधीही लिहिलं नाही. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता, एवढंच लिहिलं.

तार वाचल्यावर अण्णा म्हणाले, "आता पाणी प्यायला हरकत नाही तुला तिच्याकडचं." खरंच होतं. नात झाली होती, रिवाज सुटला होता. आता तिकडच्या एका पैशाचीही गरज नव्हती. आई हातातल्या वाळ्यांकडे बघत होती. पण बोटीतली आमची जागा तोवर सोडून दिली होती आणि पुढची मिळेपर्यंत परमिट पुरणार नव्हतं, तेव्हा मुदत वाढवून मिळते का, म्हणून अण्णांनी चकरा मारल्या. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, मुदत संपली. पुढे पासपोर्ट आले, व्हिसा आले, अण्णांचं दुखणं आलं. रेट बसला असंही मधे ऐकलं. ताईच्या मुलीला आता आठवं सरलं. आईने तिला फोटोत पाहिलं आहे. वाळे ट्रंकेत आहेत. मोठ्या माणसाच्या अंगठ्यात जेमतेम बसतील एवढे.

मी पुष्कळदा विचार करते की आम्हाला नक्की कुणी अडवलं. सरकारने रुपयाचा भाव एका दिवसात बदलला. आमच्या घरातल्या रिवाजाचा भाव मात्र कुणी उतरवला नाही. भाऊजी लिहीत होते, पैसे कसले आणता, तुम्ही या. बाप होणाऱ्या माणसाला आमचा तांब्या थट्टेचा वाटत नव्हता आता. पण अण्णांना ते जमलं नसतं. आणि आई? आईने तहान सोसली असती. तिने तसं बोलूनही दाखवलं, "मी कुठलं तरी सार्वजनिक नळाचं पाणी पिईन." मग स्वतःच मान हलवली. त्या नळाचं पाणीसुद्धा भाऊजींच्याच खात्याचं, हे तिच्या लक्षात आलं असावं. तेव्हा मला याचं हसू आलं नव्हतं. आता येतं.

पण तार यायच्या आधीचे ते दिवस. ते मला कुणाला नीट सांगताच येत नाहीत. आईने ठरवलं की शिक्क्याच्या नोटा परत विकत घ्यायच्या. छावणीत कुणाकुणाजवळ त्या असणारच. दुपारी अण्णा कारखान्यात असले की आम्ही दोघी निघायचो. नवरात्र बसलेलं. डोक्यावर ऊन, पायाखाली खडी, पावसाने धुऊन वर आलेली. मी कराचीहून आणलेले शाळेचे बूट तोवर फाटले होते आणि वहाणांचा अंगठा तुटलेला. तीन नंबरातून दोन नंबरापर्यंत बराकींच्या पुढे लोकांनी फळ्या टाकून दुकानं मांडली होती. कापडाचे तुकडे, पापड, कुलपं, बटणं, कुणी नुसताच एक शिवणयंत्र घेऊन बसलेला. प्रत्येक फळीपुढे आई थांबायची.

"भाईसाब, वो शिक्केवाली नोट है क्या? कराचीवाली?"

कुणी नाही म्हणायचं. कुणी आत बघून यायचं आणि नाही म्हणायचं. एकाजवळ होत्या. त्याने भाव सांगितला. आईने पाटल्यांना हात लावून विचार केला आणि म्हणाली, ठीक आहे. तेव्हा त्याने भाव आणखी वाढवला. "बाई, रोज चढ रहा है. आज बेचूँ तो कल रोऊँ." दुसऱ्या एकाने विचारलं, "काम क्या है उधर?" आई म्हणाली, "छुट्टी." तो हसला, बाजूच्यालाही त्याने सांगितलं, दोघं हसले. "अरे माताजी, घूमना ही है तो लोणावला जाओ! रेट बैठेगा तो कराची जाना."

आई पण हसायची. कुणी हसलं की आपणही हसायचं, हे तिला सवयीचं होतं. पण पुढच्या फळीपर्यंत चालताना मी तिच्या मागे असायचे, आणि तिची मान मागून दिसायची. घामाने ओली, ताठ.

"शालू, तू बोल ना," ती न वळता म्हणायची. "तुला यांची भाषा येते. तुझं ऐकतील."

येत होती. शाळेत माझी एकुलती एक मैत्रीण सिंधी होती आणि तिच्याशी मी त्याच भाषेत बोलायचे, तासन् तास. ती कुठे गेली ते मला माहीत नाही. इकडे आल्यापासून मी तोंडातून एक सिंधी शब्द काढला नव्हता. अम्मा तर मी समोर असताना आईला विचारायची, "ही छोकरी गूंगी आहे छा?" मुकी आहे का? मला सगळं समजायचं आणि मी पडद्याला पडलेलं भोक बघत बसायचे. फळ्यांपुढे उभी राहिले की माझी जीभ टाळूला चिकटायची. आई तुटक्या हिंदीत बोलत राहायची आणि मी तिच्या पाठीमागे उभी असायचे, पदराचं टोक धरून, सोळा वर्षांची मुलगी.

अष्टमीच्या दिवशी ताईचं पत्र आलं. अण्णांनी ते मोठ्याने वाचलं. सगळं ठीक होतं. शेवटी लिहिलं होतं, पाय फार सुजलेत, आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. आईने पत्र हातात घेतलं. तिला वाचता येत होतं, तरी तिने ते वाचलं नाही, नुसतं धरलं. मग म्हणाली, "चल." ऊन उतरायलासुद्धा ती थांबली नाही.

दोन नंबरच्या कॅम्पात अगदी टोकाला खूबचंददादांची फळी होती. दोरे, सुया, बटणं. म्हातारा माणूस, पांढरी टोपी, डोळ्यांना दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्यांच्याजवळ नोटा आहेत असं लच्छूने सांगितलं होतं, पण ते विकत नाहीत असंही सांगितलं होतं. परत जायचं म्हणून त्यांनी त्या ठेवल्यात. सगळे त्यांना हसतात.

आईने विचारलं. दादांनी सुयांची पुडी बांधायची थांबवली. मांडीखालून एक डबा काढला. उघडला. होत्या. फार नव्हत्या, पण होत्या. त्यांनी वरच्या नोटेवरून अंगठा फिरवला आणि डबा पुन्हा लावला.

"ये मैं नहीं बेचता, बेटी," ते आईला म्हणाले. "मेरा घर है उधर. चाबी मेरे पास है." त्यांनी खरंच गळ्यातल्या दोऱ्याला लावलेली किल्ली दाखवली.

आई म्हणाली, "दीड देते. पावणेदोन देते." घाबरून ती मराठीतच बोलत होती.

दादा मान हलवत राहिले. मग चष्म्यातून आमच्याकडे पाहिलं, माझ्या तुटक्या वहाणेकडे, आईच्या पाटल्यांकडे. त्यांना वाईट वाटलं असावं. अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "किस वास्ते जाना है?"

"छुट्टी," आई म्हणाली.

"छुट्टी." दादा हसले, पण बाकीच्यांसारखे नाही. "फिर क्यों इतना दौड़ती हो, बेटी? छुट्टी तो हर साल आती है. रेट बैठने दो."

आईने पदर सारखा केला. पाटल्यांवरचा हात काढला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मला बोल असंही म्हटलं नाही. ती वळली. बाजूच्या फळीवर कुणी शिवणयंत्र चालवत होतं, त्याची टकटक चालू होती. आई दोन पावलं पुढे गेली आणि थांबली, खडीत पाय रुतल्यासारखी. आणि मला दिसलं की ती मान, जी इतके दिवस मी मागून बघत होते, ती आता ताठ नाही.

मी फळीपाशीच उभी होते. पदराचं टोक माझ्या हातातून सुटलं होतं. माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो मोठा होता. यंत्र थांबलं. मी दादांशी सिंधीत बोलले, जशी माझ्या मैत्रिणीशी बोलायचे तशी, आणि जो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारायचा नव्हता तो साऱ्या बाजारात उच्चारला.

"सुट्टी नाही, दादा," मी म्हणाले. "माझ्या ताईला बाळ होणार आहे. पहिलं गेलं. तिच्याजवळ कुणी नाही."